बारा जर्स्या आणि एक रहाड

यंदा जर्स्या सुती न घेता पॉलिस्टरच्या घ्यायच्या, एवढंच मी ठरवलं होतं. बास, एवढंच. मी दुसरं लग्न करायचं ठरवलं असतं तरी आमच्या चौकाने मला लवकर माफ केलं असतं. (मीनानेसुद्धा, असं ती स्वतःच म्हणाली.)

मी पाटबंधारे खात्यात कनिष्ठ लिपिक. साहेबांना माझं नाव अकरा वर्षांत पाठ झालेलं नाही. ते मला ‘अहो, ते’ म्हणतात. घरात मी बोलत असताना मीना भाजी निवडते आणि मी थांबलो की ‘बरं’ म्हणते. कधीकधी मी थांबलो नसलो तरी म्हणते. पण जगात एक जागा अशी होती जिथे माणसं माझ्यासाठी खोळंबायची. आमच्या जुन्या नाशकातला ‘एकी फुटबॉल क्लब’. तिथे मी रंगप्रमुख. संघाच्या जर्स्यांची पिशवी एकोणीस वर्षं माझ्या पलंगाखाली होती. मी स्वतः फुटबॉल खेळत नाही. (एकदा लाथ मारली होती. चेंडू जागेवर राहिला आणि चप्पल गोलात गेली.) पण मी पिशवी घेऊन मैदानावर पोचल्याशिवाय अकराच्या अकरा खेळाडू उघड्या अंगाने उभे असायचे, आणि हे सुख काय असतं ते कनिष्ठ लिपिकालाच कळेल.

आता क्लबचा रंग. बाहेरगावच्या वाचकांना सांगायला हवं की जुन्या नाशकात काही चौकांत जमिनीखाली मोठे हौद आहेत. त्यांना रहाड म्हणतात. वर्षभर त्यावर फळ्या, माती आणि रस्ता. रंगपंचमीला रहाड उकरायची, रंगाच्या पाण्याने भरायची, पूजा करायची आणि मग माणसं त्यात धपाधप उड्या मारतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. आमच्या रहाडीचा केशरी, पळसाची फुलं उकळून केलेला. चौऱ्याहत्तर साली क्लब निघाला तेव्हा पोरांनी आपले पांढरे गंजीफ्रॉक शेवटच्या उडीनंतर रहाडीत बुचकळले आणि तोच क्लबचा रंग झाला. तेव्हापासून दर रंगपंचमीला नव्या सुती जर्स्या रहाडीत बुडवायच्या. हा रंग हळूहळू उतरायचा. गणपतीपर्यंत संघ बिस्किटी व्हायचा आणि दिवाळीत दूध जास्त झालेल्या चहासारखा दिसायचा. दुसऱ्या क्लबची माणसं हसायची. आमची माणसं म्हणायची, ‘तुमचा रंग दुकानातला. आमचा मातीतला.’ आणि मारामारी व्हायची.

सगळं ठीक चाललं होतं. मग अठ्ठ्याण्णव साली वर्ल्ड कप केबलवर आला.

आमचा सेंटर फॉरवर्ड दिनेश, ज्याने आजवर मला वाकून नमस्कार केला होता, तो म्हणाला, “हिरामणभाऊ, टीव्हीवरचे बघा कसे चकाकतात. आपण भिजलो की गंजीफ्रॉक गुडघ्यापर्यंत येतो. मागच्या मॅचला मी माझ्याच जर्सीत पाय अडकून पडलो.”

हे खरं होतं. मी पाहिलं होतं. तेव्हा मी विचार केला: कापड नव्या पोरांचं, रंग जुन्या माणसांचा. सगळेच खूश. (माझ्या आयुष्यातल्या प्रत्येक संकटाची सुरुवात ‘सगळेच खूश’ या दोन शब्दांनी झालेली आहे.) मी मेनरोडवरच्या दुकानातून बारा पांढऱ्या पॉलिस्टरच्या जर्स्या घेतल्या. दुकानदार म्हणाला, “साहेब, काहीही सांडू द्या, डाग धरणार नाही. गॅरंटी.” मला इतका आनंद झाला की मी त्याचे आभार मानले.

रंगपंचमीला संध्याकाळी शेवटचा माणूस रहाडीतून बाहेर आला. चौकात गर्दी. क्लबचे अध्यक्ष गोटीरामआण्णा नारळ घेऊन उभे. मी जर्स्यांचं गाठोडं घेऊन रहाडीत उतरलो, तीन वेळा बुडवलं आणि वर काढलं. ढोल वाजला. मी पहिली जर्सी उलगडून दोन्ही हातांनी उंच धरली.

ढोल थांबला.

जर्सी पांढरी होती. नुसती पांढरी नव्हे. दुकानात होती त्यापेक्षा स्वच्छ. मी मात्र डोक्यापासून पायापर्यंत केशरी. माझा शर्ट केशरी, दाढीचे खुंट केशरी.

“अरे, नीट बुडव की,” गोटीरामआण्णा ओरडले.

मी पुन्हा बुडवल्या. चोळल्या. त्यांच्यावर उभा राहिलो. एक जर्सी तर मी स्वतः अंगात घालून उडी मारली. बाहेर आलो तर जर्सीतून केशरी पाणी निथळलं आणि खाली पांढरं कापड तसंच.

“याला रहाडीने नाकारलं,” गर्दीतून कोणीतरी म्हणालं. ते कापडाला म्हणालं की मला, हे मी विचारलं नाही.

शांत डोक्याचा माणूस इथे थांबला असता. मी विचार केला की रहाडीचं पाणी गार होतं. उकळलं की रंग चढेल. रविवारी देवळालीच्या संघाशी सामना होता, म्हणजे दोन दिवस हातात होते. मी रहाडीच्या पाण्याच्या दोन बादल्या भरून घरी आणल्या. मीना शेजारी गेली होती. तिचं निफाडच्या माहेरहून आलेलं, लग्नातलं मोठं पातेलं मी गॅसवर चढवलं, पाणी ओतलं, जर्स्या टाकल्या आणि ढवळायला हाताला येईल ते घेतलं. ते लाटणं होतं.

अर्ध्या तासाने मीना आली. दारातच थांबली.

“काय शिजतंय?”

“संघ,” मी म्हणालो.

“आणि पातेल्याला काय झालंय?”

“ते केशरी झालंय.”

“लाटणं?”

“तेही.”

“ओटा?”

मी मान खाली घातली.

“मग पांढरं काय राहिलंय?”

“जर्स्या,” मी म्हणालो, आणि खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (तेही केशरी असावं, कारण तिने पदर पुढे केला नाही.)

पण पुरत्या पांढऱ्याही राहिल्या नव्हत्या. कापडाने रंग धरला नाही, पण जर्स्या शिवल्या होत्या सुती दोऱ्याने. दोऱ्याने मात्र रंग धरला, आणि असा धरला की काय सांगू. प्रत्येक शिवण, प्रत्येक उलटी टीप केशरी झळकत होती. त्यात उकळल्यामुळे कापडाला ज्या सुरकुत्या पडल्या त्या इस्त्रीलाही दाद देईनात. मी दुसऱ्या दिवशी जर्स्या घेऊन लियाकतकडे गेलो. लियाकत आमचा कप्तान, गोलकीपर, आणि पेशाने शिंपी. त्याने एक जर्सी उजेडात धरली.

“हिरामणभाऊ,” तो म्हणाला, “हे पॉलिस्टर हाय. प्लास्टिक की थैली पानी में डुबाओ, थैली रंगती क्या?”

“नाही.”

“मुझे पूछ तो लेते. माझं दुकान तुमच्या घरापासून सात दुकानं सोडून हाय.”

“आता काय करायचं?”

“आता? आता घालायचं. लेकिन भाऊ, एक बात है. कुठं टीप वाकडी मारलीय ते आख्ख्या मैदानाला दिसंल.”

रविवारी मी गोल्फ क्लबच्या मैदानावर गेलो. (या मैदानावर मी आजपर्यंत कोणाला गोल्फ खेळताना पाहिलेलं नाही, पण तो माझा प्रश्न नव्हता.) चेहऱ्यावरचा रंग अजून उतरला नव्हता. मी पिशवी उघडली. खेळाडूंनी जर्स्या घातल्या. मग समोरून देवळालीचा संघ आला.

ते पांढऱ्या जर्सीत होते.

पंच म्हणाला, एका संघाने कपडे बदलावेत. देवळालीच्या कप्तानाने आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “यांचे बदलण्यासारखे आहेत.” पण बदलायला दुसरे नव्हतेच. शेवटी असंच खेळायचं ठरलं. चौथ्या मिनिटाला दिनेशने आयुष्यातला सगळ्यात सुंदर पास दिला. चेंडू दोन माणसांच्या मधून अलगद गेला आणि थेट पायात पडला. पाय देवळालीचा होता.

“सुरकुत्या बघून पास द्या रे!” लियाकत गोलातून ओरडत होता. “सुरकुती म्हणजे आपला!”

पण धावणाऱ्या माणसाच्या सुरकुत्या कोण बघणार? आम्ही चार-शून्यने हरलो.

आमच्या पाठीराख्यांनी यातला एकही गोल पाहिला नाही. ते रंगावर भांडत होते. दोघे संस्थापक, गोटीरामआण्णा आणि क्लबचे कार्यवाह रंगनाथ, मैदानाकडे पाठ करून समोरासमोर उभे होते.

“केशरी गेला म्हणजे क्लब गेला,” आण्णा म्हणत होते. “चौऱ्याहत्तर सालापासूनचा रंग.”

“चौऱ्याहत्तरला केशरी नव्हताच,” रंगनाथ म्हणाला. “त्या साली फुलं कमी पडली होती. पिवळा आला होता.”

“तुला काविळीमुळे पिवळा दिसला असेल.”

“कावीळ मला अठ्ठ्याहत्तरला झाली!”

“माझे वडील म्हणायचे गुलाबी,” मागून एकजण म्हणाला.

“तुझे वडील दुसऱ्या रहाडीत उड्या मारायचे! सगळ्या चौकाला माहितीय!”

इथे हातघाई सुरू झाली. पंचवीस वर्षं ज्या रंगासाठी ही माणसं दुसऱ्या क्लबांशी मारामाऱ्या करत आली, तो रंग नेमका कोणता हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी हे मोठ्याने म्हणालो. तेव्हा मात्र सगळ्यांचं एकमत झालं की चूक माझी आहे.

बैठक माझ्याच घरी ठेवली, कारण अध्यक्षांना पातेलं बघायचं होतं. मी आदल्या रात्रभर तळमळलो होतो. एकोणीस वर्षं. माझ्या मुंजीला, बारशाला, लग्नाला मिळाली नाही एवढी किंमत मला त्या पिशवीने दिली होती. ती आता जाणार. मग मी ठरवलं की घालवून घेण्यापेक्षा आपणच सोडावी. ऑफिसच्या पद्धतीने अर्ज लिहिला. ‘विषय: रंगप्रमुख पदाचा राजीनामा देणेबाबत.’ मनात वाटत होतं की कोणीतरी ‘अरे, नको नको’ म्हणेलच. त्यावर काय बोलायचं तेही मी पाठ केलं होतं: ‘तुमचा एवढा आग्रहच असेल तर...’

मी उभा राहून अर्ज वाचला. वाचून झाल्यावर थांबलो. दिनेश पोहे खात होता.

रंगनाथने क्लबची प्रोसिडिंगची वही उघडली, पानं उलटली, चष्मा वर केला. “हे पद कुठलं?”

“रंगप्रमुख.”

“असं पद नाहीये आपल्याकडे.”

“म्हणजे? एकोणीस वर्षं मी...”

“कोणी नेमलं तुम्हाला?”

“तुम्हीच! ऐंशी साली. मैदानावर. तुम्ही माझ्या हातात पिशवी दिलीत.”

रंगनाथने आठवायचा प्रयत्न केला. “हां. मला वणीची गाडी पकडायची होती. मी म्हटलं, जरा धर. परत आलो तेव्हा तुम्ही जर्स्या धुऊन वाळत घातल्या होत्या. म्हटलं, राहू दे.”

एकोणीस वर्षं मी पिशवी जरा धरून उभा होतो. मी खाली बसलो.

“मग राजीनाम्याचं काय करायचं?” गोटीरामआण्णांनी विचारलं.

“स्वीकारता येत नाही. नसलेल्या पदाचा कसा स्वीकारणार?”

“पण स्वीकारायचा तर आहे.”

बराच खल झाला. शेवटी तोडगा लियाकतने काढला. तो बिचारा माझ्या बाजूचा होता, तरी काढला. आधी पद निर्माण करायचं, मग मला नेमायचं, मग राजीनामा स्वीकारायचा. सहा वाजून दहा मिनिटांनी मला ‘एकी फुटबॉल क्लब’चा पहिला रंगप्रमुख म्हणून रीतसर नेमण्यात आलं. आण्णांनी हात मिळवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. आभाराचे दोन शब्द बोलावे म्हणून मी उठलो.

“बसा,” रंगनाथ म्हणाला. “पुढचा विषय. राजीनामा. अनुकूल असतील त्यांनी हात वर करा.”

सगळे हात वर गेले. लियाकतने खाली बघत केला, पण केला. क्लबच्या इतिहासातला हा पहिला एकमुखी ठराव. रंगनाथने मोजणी केली आणि म्हणाला, “एक हात जास्त आहे.”

स्वयंपाकघराच्या दारात मीना उभी होती. हात वर.

“वहिनी, तुम्ही सभासद नाही,” रंगनाथ म्हणाला.

“मग करून घ्या.”

त्यांनी करून घेतलं. आणि वही उघडीच होती म्हणून रंगनाथने सहज माझंही नाव पाहिलं. ते कुठेच नव्हतं. पदाधिकारी सोडाच, मी क्लबचा साधा सभासदही नव्हतो. अर्ज करा म्हणाला, एका जुन्या किंवा नव्या सभासदाची शिफारस लागते. सगळे गेल्यावर मी अर्ज लिहिला आणि सभासद सौ. मीना यांच्यापुढे ठेवला.

“ठेवा तिकडे,” ती भाजी निवडत म्हणाली. “वेळ मिळाला की वाचते.”