सार्पानआजोबांच्या होडीचा पलंग

जावाच्या किनाऱ्यावरच्या आमच्या सुतारांच्या गावात, अख्ख्या जेपारात, जुन्या लाकडातला खिळा शोधावा तर मीच! फळीवरून चुंबक फिरवला की खिळ्याचा तांदळाएवढा तुकडासुद्धा माझ्या हातून सुटत नाही. म्हणून विहीणबाईंनी, म्हणजे रुकानाबाईंनी, आपल्या वडिलांच्या होडीच्या सागवानी फळ्या माझ्या अंगणात आणून टाकल्या, तेव्हा मी ऐटीत सांगितलं की लग्नाआधी पलंग तयार. माझी लेक सुलास्त्री आणि त्यांचा मुलगा विजी त्याच पलंगावर संसार मांडणार होते.

आता होडी साधी नव्हती, हेही सांगून टाकतो. विहीणबाईंचे वडील सार्पानआजोबा एका पहाटे तिच्यातून समुद्रात गेले आणि संध्याकाळी होडी एकटीच किनाऱ्याला लागली. जाळं नीट घडी घातलेलं, डब्यातला भात तसाच. आजोबा काही सापडले नाहीत. "पलंगाच्या रूपानं तरी बाबा घरात येऊ देत," असं विहीणबाई म्हणाल्या. अशा बाईला नाही कसं म्हणायचं?

चुंबक फिरवला, खिळे उपटले, शेडमधलं रंध्याचं मशीन चालू केलं. तिसऱ्या फळीला ते रडू लागलं. लांब, चढत जाणारं आणि शेवटी एकदम तुटणारं रडणं. मला कारण ठाऊक होतं. साग आधीच पात्यांचा वैरी, त्यात इतक्या वर्षांची वाळू आणि मीठ त्याच्या अंगात मुरलेलं. पाती बोथट झाली की मशीन असंच ओरडतं. हे मी सांगणारच होतो, पण विहीणबाई कुंपणाशी भाजलेल्या मासळीचं ताट घेऊन उभ्या होत्या आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"बाबा किनाऱ्यावरून अशीच हाक मारायचे," त्या म्हणाल्या.

झालं! आजोबांना ही सोयरीक पसंत नाही, ही बातमी माझ्याआधी बाजारात पोचली. माझी बायको कास्मिराह घरी येऊन कपाळाला हात लावून बसली. फळ्या पुन्हा रडल्या तर लग्न पुढे ढकलू, असा निरोप आला होता. पुढे ढकललेलं लग्न मागे येत नाही, हे आमच्या किनाऱ्यावर कुणालाही विचारा. सुलास्त्रीनं तर जेवणच सोडलं. मला तिच्याकडे बघवेना.

मी पाती धार लावून बसवली. विहीणबाई हळदीचे तांदूळ आणि पिवळी नाणी घेऊन आल्या आणि रीतीप्रमाणे मूठमूठ फळ्यांच्या ढिगावर उधळली. नाणी गल्लीतली पोरं वेचतात, तांदूळ कोंबड्या. मी आमीन म्हणून मशीन चालू केलं.

टक्‌! आणि मग पहिल्यापेक्षा मोठा हंबरडा.

फळी बाहेर आली तर तिच्यावर चार बारीक रेघा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुणी नखं ओढत नेल्यासारख्या. पुढची फळी घातली, तर त्याच जागी त्याच चार रेघा. पात्याला खाचा पडल्या की अशा रेघा उठतात, हे मीच दहा जणांना शिकवलंय. तरी ती फळी मी पालथी करून ठेवली. चुंबक पुन्हा फिरवला, काही नाही. विहीणबाईंनी आणखी मोठं भांडं भरून नाणी उधळली. पुढच्या फळीवर पाच रेघा आल्या. पुरा पंजा!

मग भर दुपारी, फळी मशीनमध्ये अर्धी असताना, वीज गेली. सगळं शांत झालं आणि त्या शांततेत फळीच्या पोटात काहीतरी खुळखुळलं. मी दाराबाहेर कसा पोचलो ते आठवत नाही. कास्मिराहनं मात्र फळी ओढून काढली आणि जमिनीवर आपटली. भेगेतून एक पिवळं नाणं पडलं, त्याला हळदीचा तांदूळ चिकटलेला. मागोमाग आणखी पडली. होडीच्या भीतीनं गल्लीतलं एकही पोर नाणी वेचायला फिरकलं नव्हतं!

"आणि तुमचा चुंबक?" तिनं विचारलं.

पितळेला चुंबक काय करणार?

पण विहीणबाईंना हे सांगायचं कसं? तुमच्याच भक्तीनं माझी पाती खाल्ली, असं लग्नाच्या तोंडावर विहिणीला आमच्यात कुणी म्हणत नाही. मी मान खाली घालून त्यांच्या दारात गेलो आणि म्हणालो, "नाणी बाबांना पोचली. त्यांचा राग गेला."

त्या ओक्साबोक्शी रडल्या. खोटं बोलल्याची लाज वाटली आणि माझेही डोळे भरून आले.

नवी पाती घातली, एकेक फळी झाडून घेतली. मशीन मुकाट चाललं, लग्न झालं, पलंग झकास झाला.

परवा विहीणबाई हसत आल्या. नातवंड येणार आहे, तेव्हा उरलेल्या फळ्यांचा पाळणा हवा. काखेत नाण्यांची पिशवी! "बाबांना आधीच पोचवून टाकते," म्हणाल्या आणि मी काही बोलायच्या आत उधळून मोकळ्या झाल्या.

त्या गेल्यावर मी फळ्या दंड भरून येईपर्यंत आपटल्या. भेगा तारेनं कोरल्या. नाणं शिल्लक नाही, पाती कोरी. मशीन चालू केलं आणि तिसऱ्या फळीला तीच हाक आली, लांब, चढत जाणारी. मी मशीन उघडून पाती बघितली. एक खाच नाही, धार जशीच्या तशी.

एखादं नाणं राहिलं असेल कुठेतरी, दुसरं काय. तरीपण हल्ली मशीन चालू करण्याआधी मीही आजोबांसाठी एक पिवळं नाणं ठेवतो. फळीवर नाही हो, खिडकीत!