प्रशिक्षित आकाराम

विषाला स्वतःची भाषा नसते, म्हणून त्याच्या बाटलीवर इंग्रजी लिहावं लागतं. १९४३ साली सांगलीतल्या एका कॉलेजच्या रसायनशाळेत हे तत्त्व अजून पोचलं नव्हतं. तिथला गडी आकाराम निरक्षर, पण आगाऊ. कडक ॲसिडच्या बाटलीच्या गळ्यात त्यानं तांबडा दोरा बांधला होता, विषारीच्या गळ्यात काळा, आणि निरुपद्रवी बाटल्या मोकळ्या ठेवल्या होत्या. या अडाणी पद्धतीनं चौदा वर्षांत अपघात झाले शून्य. (इतक्या लहान आकड्यावरून शास्त्र निष्कर्ष काढत नाही.)

मग वरून परिपत्रक आलं: तपासणीपूर्वी बाटल्यांवर छापील चिठ्ठ्या लावाव्यात व नोकरवर्गास धोक्यांचं शिक्षण द्यावं. प्रोफेसर मदन आवटी शिस्तीचे. प्रयोगशाळा म्हणजे म्हसोबाचं ठाणं नव्हे, असं म्हणत त्यांनी स्वतःच्या हातानं दोरे कापले.

"आवं सायेब," आकाराम म्हणाला, "दोरं न्हाईत तर कंची कडक हाय, ते मला कळायचं कसं?"

"चिठ्ठी वाचायची."

"वाचाया येत न्हाई, सायेब."

"म्हणूनच व्याख्यान ठेवलं आहे."

व्याख्यान इंग्रजीतून दोन तास झालं, आणि अप्रतिम झालं. उपस्थिती शंभर टक्के (आकाराम). शंका शून्य, त्यावरून विषय पूर्ण समजल्याचं सिद्ध झालं. शेवटी 'मला सर्व धोके समजले' या वाक्याखाली त्याचा अंगठा घेतला.

चौथ्या दिवशी आकाराम पातळ ॲसिडनं मोरी घासायला बसला. दोन बाटल्या सारख्या, दोन्ही चिठ्ठ्या सारख्याच सुबक. त्यानं कडक उचलली. डावा हात मनगटापर्यंत भाजला. मिरजेच्या डॉक्टरांनी बोटं वाचवली, पण त्या बोटांची मूठ होईना.

चौकशी समिती बसली. आकारामला नोकरीवर ठेवायचं की नाही, एवढाच प्रश्न होता.

"त्या भाषणातलं मला कायबी कळलं न्हवतं," त्यानं सांगितलं. घरी चार तोंडं खाणारी आहेत, हेही सांगितलं. समितीनं सगळं लिहून घेतलं, पण खाली अंगठा उठेना. कातडीच उरली नव्हती. (उजवा चालत नाही. पुरुषाचा डावाच.) अंगठ्याशिवाय जबानी ग्राह्य नाही, आणि व्याख्यानाच्या वहीतला तर ठसठशीत उठलेला. तेव्हा प्रशिक्षित माणसानं जाणूनबुजून निष्काळजीपणा केला, असं ठरून त्याला काढण्यात आलं.

हे वाचून आपण हळहळला असाल तर फारच उत्तम. नव्या गड्याच्या शिक्षणासाठी समितीत एक जागा रिकामी आहे. सभासद वाचता येणारा हवा, हळहळणारा हवा, आणि हळहळून झालं की पान उलटणारा हवा. पहिल्या दोन अटी आपण पुऱ्या केल्याच आहेत.