पोचल्याचा फोन

सोलापुरात आमच्या नळाला पाणी रोज येत नाही. आलं की सगळी इमारत हातातली कामं टाकून पिंपं, बादल्या, पातेली भरत सुटते. अशाच एका सकाळी शेजारच्या म्हेत्रे अप्पांच्या दारातून पाण्याचा ओघळ निघाला आणि जिना उतरून खालच्या मजल्यावर गेला. मी धावत आत शिरले. पिंप भरून वाहत होतं आणि अप्पा त्याच्या शेजारी स्टुलावर बसून मोबाईलकडे बघत होते.

"अप्पा, पाणी वाया चाललंय!"

"बाई, काठी मोडली की," ते म्हणाले. "पार बुडापासनं."

मोडली होती एका शिडाच्या बोटीची डोलकाठी, तीही अटलांटिक महासागरात. नळ मीच बंद केला.

आता या शर्यतींचा प्रकार सांगते. युरोपातले काही लोक, ज्यांना घरी काहीही कमी नाही, ते बंगल्याच्या किमतीच्या बोटीत एकेकटे बसतात आणि अटलांटिक आधी कोण ओलांडतो ते बघतात. वाटेत वादळं येतात, शिडं फाटतात, सुकाणू तुटतं, तरंगत्या ओंडक्यावर आपटून बोटीला भोक पडतं. मग हे भिजलेल्या तोंडानं व्हिडिओ काढून जगाला आपले हाल दाखवतात. झोप म्हणाल तर नुसत्या डुलक्या. धड झोपू न देणाऱ्या उद्योगाला आमच्याकडे नोकरी म्हणतात आणि त्याचा पगार घेतात.

अप्पांनी समुद्र पाहिलेला नाही. त्यांचा जन्म अक्कलकोटच्या बाजूचा, आणि सगळी नोकरी इथल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत गेली. चादरी भरून ट्रक सोडायचे आणि ड्रायव्हरचा पोचल्याचा फोन येईपर्यंत टेबल सोडायचं नाही, हे त्यांचं काम. लग्न केलं नाही. निवृत्त झाले तसे फोन बंद झाले, आणि मग कुणीतरी त्यांना मोबाईलवर तो शर्यतीचा नकाशा दाखवला. निळ्या पाण्यावर रंगीत ठिपके सरकतात, एकेक ठिपका म्हणजे एकेक बोट. "माज्या येळंला असला नकाशा असता तर बाई, मी जेवायला तरी घरी गेलो असतो," ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून जे चिकटले ते सुटलेच नाहीत.

बोटींना ते गाड्याच म्हणतात. शीड फाटलं की "ताडपत्री गेली." सुकाणू तुटलं की "स्टेअरिंग गेलं." बोट जागीच थांबली की "गाडी बसली." मी शाळेत भूगोल शिकवते, एवढ्याच गुन्ह्यासाठी शंका सगळ्या माझ्याकडे.

"बाई, तितं कडंला घ्यायला जागा नसतीय का?"

"महासागराला कडेची पट्टी नसते, अप्पा."

"मग एकट्याला गाडी दिलीच कशी? क्लीनर न्हाय संगं! मी गेट उघडू दिलं नसतं."

बरं, कोण जिंकलं ते विचारा. माहीत नाही. पहिल्या बोटीवर आतषबाजी होत असते तेव्हा अप्पा मागे, तिसऱ्याच कोपऱ्यात, नकाशा बोटांनी मोठा करत असतात. मोडलेल्या बोटीचा ठिपका करडा होतो, शर्यतीतून बाद. बाकी जगाचा रस तिथं संपतो आणि अप्पांचा सुरू होतो. "पयल्याला हार घालायला गर्दी हाय की. ह्याचं कोन बघतंय?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता भाजी चिरताना माझ्याच तोंडात येतं.

हा छळ बोटींपुरता राहिला असता तरी चाललं असतं. पण इमारतीतून कुणीही गावाला निघालं की अप्पा दारात हजर. "पोचल्याचा फोन करायचा." मी करमाळ्याला भाचीच्या लग्नाला गेले आणि विसरले. ऐन मंगलाष्टकांत पर्समध्ये फोन वाजायला लागला. भटजींनीसुद्धा वळून पाहिलं. "बाई, टेंभुर्णी गेली का?" वाटेतली टेंभुर्णी कधीच मागे पडून जेवणाच्या पंगती बसायची वेळ झाली होती. पुढं वर्षभर माहेरचे मला टेंभुर्णीच म्हणत होते.

या वर्षी मात्र मी खरोखर चिडले. अप्पांच्या हृदयाच्या नळीत अडथळा सापडला. डॉक्टरांनी पुण्याला जाऊन लगेच स्टेंट बसवायला सांगितलं आणि वर बजावलं की उशीर केलात तर जिवावर बेतेल. तारीख मिळाली. अप्पांनी ती पुढं ढकलली. दुसरी मिळाली, तीही ढकलली. कारण काय, तर एक बाई. सगळ्यांत छोट्या बोटीतली, म्हणून अप्पा तिला धाकटी म्हणायचे. तिचीही डोलकाठी मोडली होती. उरलेल्या तुकड्याला फाटकं शीड बांधून ती अटलांटिकमधल्याच अझोर्स बेटांकडे इंच इंच सरकत होती.

"धाकटी पोचली की जातो."

"शर्यत कधीच संपली, अप्पा! बक्षिसंसुद्धा वाटून झाली."

"शर्यत कुटं बघतोय मी?"

"ती तुम्हाला ओळखत नाही. तुम्ही इथं मेलात तरी तिला पत्ता लागायचा नाही."

"व्हय," ते शांतपणे म्हणाले. "पन वाट बघायला वळख कशाला लागतीय?"

मूर्ख माणसाशी वाद घालू नये म्हणून मी दार आपटून निघून आले.

शेवटी धाकटी पोचली. धक्क्यावर उतरून ती जमिनीवरच बसली होती, तो फोटो अप्पांनी इमारतभर फिरवला. मग तिसरी तारीख घेतली आणि पहाटेच्या गाडीनं निघाले. पुतण्या पुण्यात असतो, तो सगळं बघेल, असं त्यांनी सांगितलं होतं. पिशवी घेऊन माझ्या दारात उगाच घोटाळले. "येतो, बाई." मला सकाळच्या शाळेची घाई. "या," म्हटलं आणि आत वळले.

दुपारी फोन आला.

"बाई, पोचलो. दवाखान्यात हाय."

"पुतण्या आला का?"

"त्यो न्हाय हितं. दोन वर्सं झाली, जर्मनीला गेलाय. तुमी रागावाल म्हनून बोललो न्हाय."

"मग बरोबर कोण आहे?"

"कोन असनार? आता आत घ्यायलेत. म्हटलं, पोचल्याचा फोन करावा. कुनाला करावा ते कळंना. मग तुमाला केला."

क्लीनर नसलेल्या ट्रकला गेट न उघडणारा हा माणूस स्वतः मात्र एकटाच गेला होता. मला त्यांचा भयंकर राग आला.

"बाहेर आलात की फोन करायचा," मी ओरडले. "मी वाट बघतेय. ऐकलंत का?"

"व्हय की."

थोड्या वेळानं नळाला पाणी आलं. मी पिंपाला पाईप लावला आणि फोन मांडीवर घेऊन बसले. पिंप भरलं. पाणी मोरीतून बाहेर आलं, चौकट ओलांडून जिन्याकडे निघालं. खालून कुणीतरी माझ्या नावानं हाका मारत होतं. मी उठले नाही. नळ बंद करायला गेले आणि हात ओले असतानाच फोन वाजला तर उचलणार कसा?

वाजला.

"बाई, पोचलो," आवाज पार खोल गेलेला. मग म्हणाले, "पान्याचा आवाज येतोय. नळ चालू हाय का तुमचा? वाया चाललंय की."

"असू दे," मी म्हटलं.