टाइम कोन्या गावचा?

कुणाच्या घरी नातू झाला आणि त्यानं कौतुकानं मोबाइलमधला व्हिडिओ उकंडरावांपुढे धरला, तर बाळ कुणावर गेलंय हे ते पाहत नाहीत. चष्मा कपाळावर सारतात आणि विचारतात, "टाइम कोन्या गावचा?"

मंगरूळपीरला आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. पुढच्या खोलीत लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचं दुकान. मी शाळामास्तर, म्हणून माझ्याशी ते जरा आदरानं भांडतात. बाकीच्यांशी नुसतेच भांडतात.

हे खूळ लागलं ते जऊळक्याच्या एका लग्नात. तेव्हा त्यांनी नुकताच एक जुना कॅमेरा घेतला होता. त्यातलं घड्याळ आधीच्या मालकानं जपानच्या वेळेवर लावलेलं. मुहूर्त होता अकरा चाळीसचा आणि व्हिडिओच्या कोपऱ्यात उमटले तीन दहा. नवरदेवाचे मामा पंधरा दिवस तोंड फुगवून बसले की, मुहूर्त टळला होता आणि मुलीकडच्यांनी लपवलं. उकंडराव तडक त्यांच्या घरी गेले. "मामा, लगन टायमावरच लागलं. कॅमेऱ्याचं गाव चुकलं." मामांची समजूत पटली की नाही, देव जाणे. पण उकंडराव त्या दिवसापासून व्हिडिओ बघायचे सोडून व्हिडिओच्या पोटात बघू लागले.

"मास्तर, व्हिडिओ म्हंजे नुस्तं चित्र नाई," ते मला सांगत. "फाईलच्या पोटात चिठ्ठी असते. कवा काढला, कायनं काढला, समदं. पन लय फोनाईत टाइम ग्रीनविचचा पडते. आपल्यापेक्षा साडेपाच तास मांगं. अन् कोन्या गावचा टाइम हाय, थे लिवेलच नसते! मंग लोक म्हन्तेत टाइम खोटा. टाइम खोटा नसते, गाव चुकते!"

मी एकदा चुकून "म्हणजे लंडनची वेळ" म्हणालो.

"लंडनवाले उन्हाळ्यात घड्याळ पुढं सारतेत. ग्रीनविच म्हना! मास्तर असून असं बोलता?"

एरवी मी हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण एक दिवस मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरच्या अंगणवाडी सेविका, कमलताई, दुकानात आल्या. हातात घडी घालून घालून मऊ झालेली नोटीस. कुणीतरी तक्रार केली होती की त्यांची अंगणवाडी बंदच असते. त्यांनी उत्तरादाखल, लेकरं खिचडी खातानाचा सकाळी दहा चाळीसला काढलेला व्हिडिओ दिला. तालुक्याच्या कचेरीतल्या साहेबांच्या संगणकावर त्याची वेळ दिसली पहाटे पाच दहा. साहेबांनी ठरवून टाकलं की व्हिडिओत छेडछाड आहे, बाईला कामावरून कमी का करू नये, आणि निकाल लागेपर्यंत तिनं कामावर येऊ नये.

"भाऊ, यातला टाइम पुसून देता काय?" कमलताईंनी हळूच विचारलं. "बारा वर्सं झाले मले या कामात."

उकंडराव खुर्चीतून उठलेच. "खऱ्याचा टाइम कायले पुसाचा? पुसाचंच असन तं साहेबाच्या डोयावरची झापड पुसू! चाला मास्तर, इंग्रजी लागलं तं तुमी."

आम्ही तिघं कचेरीत गेलो, पण इंग्रजी लागलं नाही. मला एक शब्दही बोलायला मिळाला नाही.

साहेब फाईलमधून मान वर न काढता म्हणाले, "पहाटे पाचला लेकरं खिचडी खातात का? वेळ बदललेली आहे."

"साहेब, लबाडी करनारा मानूस पहाटंचा टाइम टाकन काय? थो बरोबर दहा चाळीसच टाकन. तेवढी अक्कल लबाडाले असते."

साहेबांनी मान वर काढली. "तुम्ही कोण?"

"लग्नाची शूटिंग करतो. तुमचा फोन काढा, साहेब."

"बाहेर व्हा!"

"होतो. आधी फोन काढा. तुमच्याच फोननं तुमच्याच भिंतीवरच्या घड्याळाचा व्हिडिओ काढा. चूक निघाली तं मले पोलिसात द्या."

दारात माणसं जमली होती. साहेबांनी चिडूनच व्हिडिओ काढला. भिंतीवर बारा वीस झाले होते. फाईल संगणकावर घेतली. सकाळचे सहा पन्नास!

"वा साहेब!" उकंडरावांनी हात जोडले. "सात वाजाच्या आत हापिसात? सरकारनं तुमचा सत्कार कराले पायजे."

शिपाई आधी हसला, मग साहेबांकडे पाहून खोकू लागला. साहेबांनी कमलताईंच्या आणि आपल्या व्हिडिओचे आकडे कागदावर मांडले, वजाबाकी केली, पुन्हा केली. दोन्हींत साडेपाच तासांचाच फरक. मग त्यांनी नोटिशीवर शेरा लिहिला आणि कमलताईंना म्हणाले, "जा, उद्यापासून कामावर या."

"उद्यापासून काहून?" उकंडराव दारातून ओरडले. "आज काय लेकराईले भूक नाई?"

तर असा हा माणूस. आणि या माणसाच्या घरात एक नाव घ्यायला बंदी होती. त्यांच्या मुलीचं, रेखाचं. चार वर्षांपूर्वी तिनं आपल्या मनानं लग्न केलं, तेव्हा त्यांनी आपल्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, बजावलं होतं की, या घरात तिचं नाव निघालं नाही पाहिजे. काकूंनी ते पाळलं.

परवा रविवारी दुपारी मी दुकानात गेलो, तर पडद्यावर एक लहान मुलगी वाटीतला वरणभात तोंडाला फासत होती. शेजारी आकड्यांची रांग. उकंडरावांचं बोट एका ओळीवर होतं.

"रेखाची हाय," ते म्हणाले. मी त्यांच्या तोंडून ते नाव चार वर्षांनी ऐकलं. "तुमच्या काकूच्या मोबाइलवर येते. व्हॉट्सॅपवर साधा पाठवला का आतली चिठ्ठी पुसून जाते. म्हून मी तिले एकडाव म्हटलं, पाठवनाऱ्याले सांग, डॉक्युमेंट करून पाठव. तवापासून तसाच येते."

चार वर्षांत बापानं लेकीला पाठवलेला हा एकच निरोप.

"तिचा फोन चिठ्ठीत टाइमझोन लिवते. दोन वर्सं ग्रीनविचच्या चार तास पुढचा व्हता, म्हंजे आखातात. मले कोनी सांगतलं नाई, मी इचारलं नाई. लोकेशन बंद ठेवते पोट्टी. टाइम ठेवते." बोट पडद्यावर टेकलं. तिथं होते अधिक पाच तीस. "आता आपल्या टायमात आली."

"मग काकूंना विचारा ना, कुठं आहे."

"मी नाई इचारनार!" आवाज चढला आणि लगेच उतरला. "तुमी इचारा. मी इथंच बसतो."

मी हाक मारली. काकू चहा घेऊन दारात आल्या. मी विचारल्यावर आम्हा दोघांकडेही न पाहता म्हणाल्या, "कारंज्याले. मावशीच्या घरी. दोन दिवस झाले."

कारंजा म्हणजे एसटीनं तासाभराची वाट. उकंडरावांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला.

"लेकरू बोलते काय वं?"

"बोलते ना. तुमचा फोटो दाखोला का आबा म्हन्ते."

उकंडराव उठले. दुकानाचं शटर खाली ओढलं आणि काकूंवर ओरडले, "मंग चा घेऊन कायले उभी हायेस? लुगडं बदल!"