सबनीसांचा रोमन शिपाई

एका सकाळी सबनीस खांद्यावर काठी टाकून बेहालाच्या बसस्टॉपवर उभे होते. काठीला कढई, बादली, घोंगडी आणि गव्हाची पिशवी लटकलेली. बसच्या बंगाली कंडक्टरनं विचारलं, "दादा, संन्यास निच्छेन?" म्हणजे, संन्यास घेताय का?

"नाही, ड्यूटीवर चाललोय," सबनीस मराठीतच म्हणाले.

ड्यूटी खरीच होती. आमच्या वरच्या मजल्यावर एकटेच राहणारे सबनीस एका संग्रहालयात प्रदर्शनं मांडत. एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. त्या वर्षी विषय होता रोमन शिपायांचं आयुष्य, आणि शिपाई पाठीवर काय काय वाहत असे ते सबनीस स्वतः वाहून बघत होते. त्यांच्या साहेबांना तलवारी मांडायच्या होत्या. सबनीसांचं एकच पालुपद, "लढाई राहू द्या हो, तो जेवला का?"

शिपाई स्वतः गहू दळून खायचे, हे कळल्यावर ते पिशवी घेऊन आमच्या हिच्याकडे आले. "वहिनी, जाडसर दळा. चवीचं बघू नका, रोमन आहे." त्या पिठाच्या रोट्या आम्ही आठवडाभर चावल्या. माझी एक दाढ त्या साम्राज्याच्या कामी आली.

शिपायाचा मातीचा पुतळा करायला दिला कुमारटुलीत, जिथे दुर्गेच्या मूर्ती घडतात. त्यामुळे शिपाई जन्मला तो थेट कार्तिकेय होऊन. लांब डोळे, कोरलेली मिशी, गुलाबी गाल.

साहेबांनी विचारलं, "हा रोमन?"

"बदली होऊन आलेला दिसतो," सबनीस म्हणाले.

त्यांनी त्याला चुलीपुढे बसवून हातात शिवायला फाटकी चप्पल दिली. लोक यायचे, चप्पल बघायचे आणि तरीही हात जोडून पुढे जायचे. कुणी कुणी जास्वंदही वाहायचं.

प्रदर्शन संपल्यावर पुतळा गंगेत सोडायचं ठरलं होतं.

प्रदर्शन संपल्यानंतरच्या रविवारी मी पेपर मागायला वर गेलो, तर आतून सबनीसांचा आवाज येत होता. "सुमन पहिल्यांदा ट्राममध्ये चढली ना, तेव्हा..."

सुमनवहिनी जाऊन बरीच वर्षं झाली होती. आम्ही त्यांना फक्त फोटोत पाहिलेलं, आणि त्यांचं नाव सबनीसांच्या तोंडून मी कधीच ऐकलं नव्हतं.

दार उघडंच होतं. खिडकीपाशी शिपाई बसला होता आणि त्याच्यासमोर चहाचा कप घेऊन सबनीस. मला बघून ते ओशाळले.

"याला मराठी येत नाही," ते म्हणाले. "पण ऐकून घेतो."

पेपर मागायचा राहून गेला. मी शिपायाशेजारी सतरंजीवर बसलो.

"हं, ट्राममध्ये चढल्या, मग?"

सबनीसांनी कप खाली ठेवला. मग त्यांनी गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.