अण्णांचा घट्ट चहा

लकव्यानंतर अण्णांना साधं पाणी गिळणंही अवघड झालं. पातळ काही दिलं की ते श्वासनळीत शिरायचं. डॉक्टरांनी एक पावडर लिहून दिली आणि सांगितलं, चहापासून वरणापर्यंत सगळं घट्ट करून द्या. किती घट्ट? तर अंदाजानं.

"अंदाज कशाला?" केदार बायकोला म्हणाला. "रजनी, मी ऑफिसात दुसरं करतो काय?"

ते खोटं नव्हतं. सिल्वासातल्या एका रंगाच्या कारखान्यात तो इंजिनिअर होता. पाइपातून रंग कसा वाहील, हे संगणकावर आधीच वाहवून बघायचं, हे त्याचं काम. रंगाचं वागणं पाण्यासारखं सरळ नाही. जोरानं ढकलला की पातळ होतो, सोडला की पुन्हा घट्ट. त्यात वेगातले भोवरे. हे सगळं गणितात बसवण्यात केदारचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यानं पाइपाच्या जागी अण्णांचा घसा घातला, रंगाच्या जागी चहा. पडद्यावर चहा झरझर खाली उतरला.

सकाळी डोकमर्डीच्या घरात मात्र त्याच चहात चमचा सरळ उभा राहिला. अण्णांनी घास गालात धरून ठेवला. मग जड जिभेनं म्हणाले, "भिंतीला... लाव."

रजनीला हसू आवरेना. अण्णाही हसले, आणि चहा शर्टावर आला.

ऑफिसात केदारला चूक सापडली. ढकलण्याचा जोर त्यानं कारखान्याच्या पंपाचाच ठेवला होता. तो अण्णांइतका कमी केला, तर चहा जागचा हलेना. तेवढ्यात त्याचे वरिष्ठ मयूरसर मागे येऊन उभे राहिले.

"ही कुठली लाइन? पंप फारच अशक्त दिसतोय. बदला."

"बदलता येत नाही, सर."

"मग माल पातळ करा."

"पातळ केला की भलतीकडे शिरतो."

"मग बंद करून टाका ना ही लाइन. कशाला ओढताय?"

"वडील आहेत, सर."

मयूरसर शेजारची खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "आज लवकर घरी जा."

घरी रजनी अर्धा अर्धा चमचा भरवत होती. अण्णांनी तोंड फिरवलं. "पाणी," ते म्हणाले. "साधं."

केदारनं कापसाचा बोळा भिजवून त्यांच्या ओठांवरून फिरवला. अण्णांनी डोळे मिटून ओठ चाटले.

"अजून."

"आता नको, अण्णा."

त्याचा स्वतःचा घसा कोरडा पडला होता. स्वयंपाकघरात जाऊन, आवाज होऊ न देता, त्यानं तांब्या तोंडाला लावला आणि त्याला जोराचा ठसका लागला.

"सावकाश," आतून अण्णा म्हणाले.