नाव घेईपर्यंत

ललिताने सोजरबाईची तपासणी उरकली, नमुन्याची काच हातात धरली आणि विचारलं, "पूर्ण नाव सांगा."

"सोजरबाई."

"आणि मालकांचं?"

सोजरबाईने पदर तोंडाला लावला. "आसं कसं घिऊ बया? उखाण्यात घ्यावं लागंल. थांब, जुळवते."

पंचाहत्तर साली निमोण्याच्या समाजमंदिरात हे शिबिर भरलं होतं. ललिता याच गावची सून, पुण्यात संशोधन करणारी. गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सर उठण्याआधी तिथल्या पेशी कशा बदलतात, हे ती शोधत होती. पेशी काचेवर घेतल्या की लगेच स्पिरीटच्या बरणीत बुडवायच्या. वाऱ्याने वाळल्या की कामातून गेल्या. पण काचेवर नाव घातल्याशिवाय बुडवावी तर गावात सोजरबाया तीन.

पाबळच्या शिबिरातल्या निम्म्या काचा वाळून आल्या होत्या. "पुन्हा असं झालं तर गावोगाव हिंडणं बंद," पुण्याच्या साहेबांनी बजावलं होतं. ललिताची मावशी याच आजाराने गेली. कळलं तेव्हा हातात काहीच उरलं नव्हतं. त्यामुळे शिबिरं बंद पडणं तिला सोसणार नव्हतं.

"कांद्याच्या वाफ्यात पाणी सोडलं दांडानं," सोजरबाई लाजत म्हणाली, "पोपटरावांचं नाव घेते माझ्या तोंडानं."

उखाणा झकास होता. काच मात्र खडखडीत वाळली होती; दुसरी घ्यावी लागली.

"ताई, नावं आधी ओसरीवरच लिहून घिऊ," नर्स रंभा म्हणाली. ललिताने ते काम सासूबाईंना, म्हणजे धुरपदाबाईंना दिलं आणि निर्धास्त झाली.

तासाभरात ओसरीचं लग्नघर झालं. एकीचा उखाणा आखूड पडला म्हणून दुसरीने तिला परत घ्यायला लावलं. सकाळी "आमाला काय झालंय तपासायला?" म्हणून फणकारून गेलेल्या बायका हसणं ऐकून माघारी आल्या. खुरपायला निघालेल्या पाटीसकट आत शिरल्या. धुरपदाबाईंनी दारात बैठक मारली.

"नाव घेतलं की आत जायचं. फुकाट ऐकायचं न्हाई."

पाबळला बायका मिनतवाऱ्या करून आणाव्या लागल्या होत्या. इथे काचा संपत आल्या. नावं आधीच घातलेली, त्यामुळे प्रत्येक काच तडक बरणीत. ललिता खूश होती. तेवढ्यात सासूबाई आत आल्या आणि त्यांच्यामागे सगळी ओसरी.

"साऱ्या गावाला शानपन शिकीवलंस. तुजी कवा केली तपासणी?"

ललिताने कधीच केली नव्हती. "आत्ता करते, आत्याबाई. त्यात काय एवढं?"

पडद्याआड रंभाने तपासणी केली, बिननावाची काच धरली आणि सवयीने मोठ्यांदा विचारलं, "पूर्ण नाव?"

पुण्यात प्रत्येक कागदावर ललिता नवऱ्याचं नाव खाडखाड सांगत असे. इथे पडद्यापलीकडे सासू, आणि तिच्या पाठीशी कान टवकारून उभं असलेलं गाव. तिचे कान तापले.

"थांब जरा," ती पुटपुटली. "जुळवते."

पलीकडे हशा पिकला. बऱ्याच वेळाने पडद्याआडून ललिताचा आवाज आला, "दौंडच्या यार्डात इंजिन उभं लायनीवर... जालिंदररावांचं नाव घेते आत्याबाईंच्या म्हणण्यावर."

आठवड्याने पुण्याच्या साहेबांनी ललिताची पाठ थोपटली. "उत्तम काम. आणखी गावं घ्या. सगळ्या काचा स्वच्छ आहेत. फक्त शेवटची एक साफ वाळलेली आहे. त्या बाईंना परत बोलवा, आणि जरा समजावून सांगा."

"सांगते," ललिता म्हणाली.